दाराबाहेरची

“थांबा, थांबा! दोघी एकदम बोलू नका.” सासऱ्यांनी चमचा स्टीलच्या पेल्यावर टणटण वाजवला. “आधी थोरली. मग धाकटी. विषय लक्षात आहे ना? घरात टीव्ही असावा की नसावा.”

“बाबा, ती बोलतच नाहीये. एकदम कुठून बोलणार?” थोरली म्हणाली. तिच्या हातात अर्धी सोललेली काकडी होती.

जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेले सासरे निवृत्त झाल्यापासून कंटाळले होते. सुनांची परीक्षा घ्यायचं काम मिळाल्यामुळे त्यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं होतं. रोज दुपारी जेवणं उरकली की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी गटचर्चा भरायची. गटात दोन जावा, परीक्षक एक. विषय परीक्षकाच्या मनाला येईल तो.

थोरलीने टीव्हीच्या बाजूने असं काही रान उठवलं की सासऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग धाकटीची पाळी आली. ती ओट्याकडे बघत म्हणाली, “ताई म्हणतात ते बरोबरच आहे.”

“झालं!” थोरलीने कपाळाला हात लावला. “अगं, तिथे असं म्हणालीस तर पहिल्या फटक्यात घरी पाठवतील. ‘बरोबर आहे’ म्हणून गप्प नाही बसायचं. ‘बरोबर आहे, पण’ म्हणायचं. त्या ‘पण’च्या पुढे तुझं स्वतःचं काहीतरी हवं.”

“माझं काय असणार, ताई?”

“बोलणाऱ्याची माती खपते, बाई, आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं,” सासरे म्हणाले.

मोठ्या हॉस्पिटलमध्ये मदतकक्षावर बसायला माणूस हवा होता. नातेवाइकांशी बोलायचं, त्यांना वाट दाखवायची, डॉक्टरांचं म्हणणं सोप्या भाषेत समजावून सांगायचं. आधी गटचर्चा, त्यातून निवड. जागा एकच होती, हे दोघींनाही ठाऊक होतं. पण ती थोरलीची, असं घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. धाकटीनेही. धाकटीचा अर्ज थोरलीनेच भरायला लावला होता. “सोबत होईल मला, आणि तुलाही चार माणसांत बसायची सवय होईल,” असं म्हणून.

थोरलीची उमर एका छोट्या दवाखान्याच्या रिसेप्शनवर गेली होती. येणाऱ्याची चाल बघून ती दुखणं कुठे आहे ते सांगायची, आणि फोनवर रडणाऱ्या बाईला दोन वाक्यांत शांत करायची. डॉक्टर म्हातारे झाले, दवाखाना बंद पडला आणि ती घरी आली. तेव्हापासून तिचा आवाज घरातच घुमत होता. भाजीवाल्याशी बोलताना मागे माणसं खोळंबायची. नवरा म्हणायचा, “तुझ्या तोंडाला सुट्टी नाही का गं?” तो हसत म्हणायचा, पण ते तिला लागायचं. हॉस्पिटलच्या वयाच्या अटीत ती यंदा कशीबशी बसत होती. पुढच्या वर्षी तिला कुणी दारात उभं करणार नव्हतं.

म्हणून ती तयारीला जिद्दीने लागली होती. दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणीला विचारून तिने सगळं माहीत करून घेतलं. पहिल्यांदा तोंड उघडणारा शहाणा ठरतोच असं नाही. दुसऱ्याचं बोलणं तोडायचं नाही. बोलताना परीक्षकांकडे नाही, गटाकडे बघायचं. जो गप्प आहे त्याला बोलतं करायचं, त्याचे मार्क आपल्याला मिळतात. शिकलेलं ती लगेच धाकटीला शिकवायची, आणि धाकटी मान डोलवायची. आरशापुढे उभी राहून धाकटी हळूच ‘बरोबर आहे, पण’ म्हणायची. पणच्या पुढे काही यायचं नाही.

त्या दिवशी सकाळी दोघी इस्त्रीचे कपडे घालून निघाल्या. हॉस्पिटलच्या फाटकाशी धाकटीची पावलं जड झाली. दोन वर्षांपूर्वी सासूबाई याच इमारतीत वारल्या होत्या. “चल, मनात काही आणू नकोस,” म्हणत थोरलीने तिचा हात धरून तिला आत नेलं.

गोल टेबलाभोवती पाचजण बसले. या दोघी, टाय लावलेला एक गृहस्थ, चष्मेवाली एक पोरसवदा मुलगी आणि एक वयस्क बाई. भिंतीशी पांढऱ्या केसांच्या मॅडम आणि त्यांचे सहकारी बसले होते. मॅडमनी विषय सांगितला, “रुग्णाजवळ एकाच नातेवाइकाला सोडायचं, हा नियम योग्य की अयोग्य? बोला.”

टायवाल्याने लगेच मैदान मारलं. शिस्त, स्वच्छता, जंतू, गर्दी. त्याच्या तोंडाचा पट्टा थांबेना. चष्मेवाली दोनदा तोंड उघडून मिटून बसली. थोरलीने त्याला श्वास घ्यायला थांबू दिलं आणि नेमकी त्या फटीत शिरली.

“गर्दीचा तुमचा मुद्दा अगदी पटला. पण या ताईंना मघापासून काही सांगायचंय. आधी त्यांचं ऐकू या का?”

चष्मेवालीचा चेहरा उजळला. ती पाठ केल्यासारखं, पण बरं बोलली. वयस्क बाईही दोन वाक्यं बोलली. थोरलीने दोघींचे धागे जुळवले आणि मग स्वतःचं म्हणणं मांडलं, “मी बरीच वर्षं दवाखान्यात काढली आहेत. आत एकच माणूस असला की डॉक्टरांचा निरोप एकाच कानी जातो. दहा तोंडं झाली की दहा अर्थ होतात. आत एक खंबीर माणूस असावं आणि त्याने बाहेरच्यांना सांभाळावं. नियम योग्य आहे.”

पांढऱ्या केसांच्या मॅडमनी मान हलवली. थोरलीने ते टिपलं. जमलं, तिच्या मनात आलं. जमलंच.

“बरोबर आहे,” धाकटी म्हणाली.

थोरलीने डोळे मिटले. गेली ही, असं तिला वाटलं.

“पण,” धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज इतका बारीक होता की सगळे पुढे झुकले. “एका घरात सासूबाई आजारी होत्या. आत थोरल्या सूनबाई असायच्या. त्या खंबीर होत्या, ते खरंच. त्यांनी सगळं सांभाळलं. धाकटी बाहेर बाकावर बसायची. सकाळपासून अंधार पडेपर्यंत. दार उघडलं की उठून उभी राहायची, कुणीतरी काही सांगेल म्हणून. सासूबाईंना तिच्या हातचं पातळ जेवण लागायचं, म्हणून ती डबा घेऊन यायची. एक दिवस ती डबा घेऊन बसली होती, आणि आतून चादर टाकलेली स्ट्रेचरची गाडी बाहेर आली. तिला वाटलं, दुसरं कुणीतरी असेल. ती बाजूला सरकून उभी राहिली. गाडीला वाट दिली.” ती थांबली. “गावभर फोन गेले होते. तिला कुणी केला नाही. ती दाराबाहेरच तर होती.”

थोरलीला ते दार दिसलं, कानाला फोन लावून त्यातून बाहेर येणारी ती स्वतः दिसली. त्या दिवशी तिने दिराला सांगितलं होतं, नणंदेला, शेजाऱ्यांना, सासूबाईंच्या बहिणीला. बाकाकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. नंतर घरी धाकटी रडली तेव्हा सगळ्यांना वाटलं, चारचौघींसारखीच रडतेय.

टायवाला खाकरला. “हे फार दुःखद आहे, पण भावनिक झालं. यात नियमाबद्दल मुद्दा कुठे आहे?” आणि आधारासाठी त्याने थोरलीकडे पाहिलं. “तुमचं काय मत? हा दोष तर घरच्यांचा झाला. हॉस्पिटल काय करणार?”

हेच उत्तर थोरलीच्या जिभेवर तयार होतं. सोपं होतं, बिनतोड होतं, आणि खोटंही नव्हतं. ते बोलली असती तर चर्चा तिच्या हातात परत आली असती. मॅडम तिच्याकडेच बघत होत्या. धाकटी मान खाली घालून नखाने टेबलाची कड खरवडत होती.

“मुद्दा आहे,” थोरली म्हणाली. टायवाल्याकडे बघत तिने पुन्हा म्हटलं, “मुद्दा आहे. त्यांचं अजून संपलेलं नाही.” मग ती धाकटीकडे वळली. घरी ती तिला ‘अगं’ म्हणे. इथे तिने तिला ‘तुम्ही’ म्हटलं. “मग काय करायला हवं होतं? तुम्ही सांगा.”

धाकटीने वर पाहिलं. ताईंनी आपल्याला कधी काही विचारलं होतं का, हे ती जणू आठवत होती.

“आत एकच माणूस असू दे,” ती म्हणाली. “पण या मदतकक्षावरच्या माणसाने कक्षात बसून राहू नये. उठून बाकापाशी यावं. दाराबाहेर कोण कोण आहे, ते कुणाचे कोण, हे त्याला माहीत असावं. बातमी बरी असो की वाईट, ती आतल्याला कळते तशी बाहेरच्यालाही कुणीतरी शेजारी बसून सांगावी. एवढंच.”

पांढऱ्या केसांच्या मॅडमनी या वेळी मान हलवली नाही. नुसत्या धाकटीकडे बघत राहिल्या.

परतताना बसथांब्याशी धाकटी म्हणाली, “ताई, मी तुमच्यावर नव्हते बोलले.”

“माहितीये.”

“पणच्या पुढे दुसरं काही सुचलंच नाही.”

“तेव्हाच का नाही बोललीस गं? घरी, मला?”

धाकटीने जरा विचार केला. “तुम्ही थकला होतात,” ती म्हणाली. “आणि घरात तुम्ही बोलत असता ना.”

त्यात रुसवा नव्हता, तक्रार नव्हती. पाऊस पडतोय असं सांगावं, तसं तिने ते सांगितलं. बस आली. थोरलीने तिला खिडकीशी बसवलं.

आठवड्याभरात फोन आला. धाकटी कपडे वाळत घालत होती. ओल्या हातांनी तिने तो उचलला, दोन शब्द ऐकले आणि घाईने थोरलीपुढे धरला. “ताई, हॉस्पिटलचा. तुमच्यासाठी असेल.”

थोरलीने ऐकलं. पलीकडच्या बाईने नाव घेतलं ते धाकटीचं.

“तुझ्याशीच बोलायचंय त्यांना,” तिने फोन परत दिला. “नीट ऐक. कागदपत्रं काय आणायची ते विचार.” मग ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धुत राहिली. बाहेर आली तेव्हा धाकटी दाराशीच उभी होती.

“मी नाही म्हणून सांगते त्यांना. ही जागा तुमची होती.”

“डोकं फिरलंय का तुझं? जागा कुणाच्या नावाची असते का?” थोरली टॉवेलने तोंड पुसत राहिली, जरुरीपेक्षा जास्त. “आणि तो निळा कुर्ता काढ तुझा, उसवलाय बगलेत. टाका घालून देते.”

सासरे टेबलाशी बसले होते. एवढे दिवस परीक्षा घेतल्यावर आता कुणाचं अभिनंदन करावं आणि कुणाची समजूत घालावी, ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी चहा मागितला, आणि मग स्वतःच उठून तिघांसाठी ठेवला.

कामाचा पहिला दिवस संपवून धाकटी संध्याकाळी घरी आली. जेवायला सगळे एकत्र बसले. एरवी थोरलीच्या गप्पांवर जेवणं व्हायची. आज धाकटी बोलत होती, आणि घास हातात तसाच धरून. एक म्हातारा सकाळपासून बाकावर होता. आत त्याची बायको होती आणि आत जायचा पास मुलाकडे होता. म्हाताऱ्याला ऐकू कमी यायचं, म्हणून कुणी त्याच्याशी बोलतच नव्हतं. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. काय करावं सुचेना, म्हणून त्याच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढली.

थोरलीला दवाखान्यातले तसले किती म्हातारे आठवले. त्यांच्या कुठल्या कानाशी बोलायचं, ते कसं ओळखायचं, ते तिच्या ओठांवर आलं. तिने भाताचं भांडं धाकटीच्या बाजूला सरकवलं, पाण्याचा घोट घेतला आणि तो सावकाश गिळला.

“मग?” ती म्हणाली. “मग काय झालं?”