बाईंचा आवाज भिंतीवर

इतिहासाचे सर सातवीत लढाई शिकवू लागले, की शेजारच्या आठवीतल्या मुलांनाही ती पाठ व्हायची. मुलं त्यांना पाठीमागे 'तोफखाना' म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून ते सुखावायचेही. फळा, खडू आणि घसा एवढ्या भांडवलावर शिक्षक उभा राहतो, असं त्यांचं ठाम मत. शाळेनं वर्गावर्गात प्रोजेक्टर बसवले, तेव्हा त्यांनी आपल्या वर्गातल्या प्रोजेक्टरवर धूळ बसू नये म्हणून पिशवी चढवली आणि पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

आठवी विज्ञानाच्या बाईंची. सातवीचं विज्ञानही त्याच घेत. वयानं सरांच्या धाकट्या बहिणीएवढ्या, अंगानं किरकोळ, पण चार तास सलग ओरडून शिकवायच्या. शेवटी व्हायचं तेच झालं. घशाच्या पडद्यांवर गाठी आल्या आणि डॉक्टरांनी महिनाभर तोंडाला कुलूप लावायला सांगितलं. कुजबुजही बंद, कारण त्यानं घसा आणखी ताणतो म्हणे.

मुख्याध्यापिकांनी रजेचा कागद पुढे केला. बाईंनी फोनवर टाइप करून दाखवलं, "परीक्षा तोंडावर आहे. वर्ग मीच घेईन. घसा बसलाय, मी नाही."

"मुक्यानं वर्ग?" सर शिक्षकांच्या खोलीत म्हणाले. "पोरं डोक्यावर मिरे वाटतील, बघा."

पहिल्या दिवशी ते मोकळ्या तासाला गोंधळाची वाटच पाहत बसले होते. सातवीत बाई गेल्या होत्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली, तरी चूं की चां नाही. सरांना वाटलं, वर्ग मैदानावर नेला असणार. त्यांनी जाऊन दारातून डोकावलं आणि ते तिथेच थबकले.

टेबलावर पट्ट्या आणि चिमटे जोडून केलेल्या स्टँडवर बाईंचा फोन आडवा बसवला होता, कॅमेरा खाली. सरांनी चढवलेली पिशवी तासापुरती उतरवून बाईंनी प्रोजेक्टर लावला होता. त्यांचे हात भिंतीवर दिसत होते, दाराएवढे मोठे. त्या हातांनी बॅटरीला तार जोडली, तारेला चिमुकला दिवा जोडला आणि एक जोड हळूच सोडवला. दिवा विझला. मग लॅपटॉपवरून भिंतीवर अक्षरं उमटली : 'का विझला? शेजाऱ्याला सांगा.' कोपऱ्यात एक गोल घड्याळ आलं आणि त्यातली उरलेला वेळ दाखवणारी लाल फोड लहान लहान होत गेली. मुलं बोलू लागली. फोड संपली तशी ती आपसूक गप्प झाली. सरांनी 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणण्यात आयुष्य घालवलं होतं. त्यांना आपले डोळे खरे वाटेनात.

पुढे तर आणखी गंमत. बाईंनी चार उत्तरं दाखवली. मुलांकडे फोन नव्हते, पण प्रत्येकाकडे वेगळ्या ठिपक्यांचा एक कागद होता. उत्तर जे असेल त्याप्रमाणे कागद आडवा-उभा फिरवून वर धरायचा. बाईंनी स्टँडवरचा फोन काढून वर्गावरून एकदा फिरवला आणि कुठलं उत्तर कितीजणांनी दिलं ते भिंतीवर आलं. नावं नाहीत, नुसते आकडे; कुणाचं उत्तर कुठलं, ते फक्त बाईंच्या फोनवर. निम्मा वर्ग चुकला होता. बाईंनी न रागावता फोन पुन्हा स्टँडवर ठेवला, आणि हात पुन्हा भिंतीवर आले.

"जादूच आहे," सर मधल्या सुट्टीत म्हणाले. "पण बाई, इतकं भराभर टाइप कसं जमतं?"

बाईंनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. नेहमीची वाक्यं त्यांनी आधीच साठवून ठेवली होती. 'शे' लिहिलं की 'शेजाऱ्याला सांगा' आपोआप यायचं. 'वह्या काढा'ला एकच अक्षर पुरायचं. सरांनी स्वतः बोटानं करून पाहिलं, दोनदा.

आठवड्यानं अशाच एका मधल्या सुट्टीत बाईंनी टाइप केलं, "सातवीतल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीबद्दल बोलायचंय."

ती दोन वेण्यांची उंच मुलगी. सगळे शिक्षक तिला 'तंद्री' म्हणायचे, सरसुद्धा. प्रश्न विचारला की ती शेजारणीच्या तोंडाकडे बघायची आणि भलतंच उत्तर द्यायची. "तिचं काय? डोक्यात काही शिरतच नाही तिच्या."

बाईंनी लिहिलं, "आठवडाभर तिचं एकही उत्तर चुकलेलं नाही."

बाई लिहीत राहिल्या. सगळं भिंतीवर वाचायला मिळू लागल्यापासून ती मुलगी हात वर करत होती. बाईंना शंका आली. त्यांनी तिला एकटीला बोलावून कागदावर विचारलं, नीट ऐकू येतं ना? मुलीनं खाली लिहिलं, एका कानानं थोडं येतं, ओठ दिसले तर जास्त कळतं. कुणाला सांगू नका, मला दुसऱ्या शाळेत घालतील.

"पण माझा आवाज तर..." सर म्हणाले.

बाईंनी लिहिलं, "मोठा आहे, स्पष्ट नाही. आणि फळ्याकडे तोंड करून बोलता तुम्ही." खाली आणखी एक ओळ आली, "मीही तेच करत होते."

बाईंनी मुलीच्या आईला बोलावलं, समोर फोन ठेवून सगळं शांतपणे लिहून सांगितलं. शाळा बदलायची नाही, हे मुख्याध्यापिकांकडून वदवून घेतलं. आई रडली, पण दुसऱ्याच दिवशी मुलीला कान तपासायला घेऊन गेली. ज्या बाईंना एक शब्द उच्चारायची परवानगी नव्हती, त्यांनी एवढं सगळं घडवून आणलं. सर घरी जेवताना बायकोला हेच सांगत बसले. बायको म्हणाली, "कौतुक पुरे. तुम्ही काय करणार ते सांगा."

सोमवारी सरांनी सातवीत आपल्या तासाला स्वतःच्या हातानं प्रोजेक्टरवरची पिशवी काढली. बाईंनी त्यांच्या सदऱ्याला छोटा माइक लावून दिला आणि बोललेलं भिंतीवर लिहून दाखवणारं ॲप सुरू केलं. सरांनी खाकरून आपल्या नेहमीच्या दणक्यात सुरुवात केली, "राजानं किल्ल्याभोवती खंदक खणला."

भिंतीवर उमटलं : 'राजानं किल्ल्याभोवती कंदील खाल्ला.'

वर्ग हसून लोटपोट झाला. सरांनी वळून वाचलं. एरवी त्यांनी छत हादरवलं असतं, पण त्यांनाही हसू आवरेना. शेवटच्या बाकावरची मुलगी हसत नव्हती. तिनं पुस्तकात बोट ठेवलं, भिंतीकडे पाहिलं आणि हात वर केला.

"सर, खंदक पाहिजे तिथं."

"बरोबर," सर म्हणाले. ते मुलांकडे तोंड करून उभे राहिले, आवाज खाली आणला आणि एकेक शब्द सुटा करून वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी भिंतीनं खंदकच लिहिला. मुलीनं वाचलं आणि वही उघडली.

महिना सरता सरता मुलीच्या कानात यंत्र आलं. पहिले दोन दिवस तिला बाक सरकल्याच्या आवाजानंही दचकायला व्हायचं. बाईंचा घसाही मोकळा झाला. तपासून आल्यावर त्या शिक्षकांच्या खोलीत शिरल्या आणि चहा मागितला. आवाज बारीक होता, जरा खरखरीत, पण सगळे कामं सोडून ऐकत राहिले.

"आता भिंत बंद करणार का?" सरांनी विचारलं.

"छे. सांगायचं ते भिंत सांगेल. मी विचारायचं तेवढंच विचारीन."

गणिताच्या सरांनी आपला फोन टेबलावर ठेवला. "हे ठिपक्यांचे कागद कसे काढायचे हो? आम्हाला जमेल का?"

बाई उत्तर द्यायला वळल्या, पण इतिहासाच्या सरांनी खुर्ची आधीच पुढे ओढली होती. "बाईंना बोलायला लावू नका," ते म्हणाले. "चहा घेऊ द्या त्यांना. या इकडे, मी दाखवतो."