डेपोवाडीचा वाघोबा

देव नव्हेच तो! इंदूबाईच्या हातातला तांब्या गळून पडायचा तेवढा राहिला. शेलूच्या फ्लॅटमध्ये पाटावर बसवलेल्या वाघोबाला ती आंघोळ घालत होती, तेवढ्यात त्याच्या अंगावरची शेंदराची जाड खोळ निखळली. आतून निघाला चौकोनी तासलेला दगड, वर बाण आणि आकडा कोरलेला. लाकडाच्या डेपोच्या हद्दीचा दगड!

आज डेपोवाडी शोधायला जाल तर रान तेवढं दिसेल. पण इंदूबाई तिथं नवी नवरी म्हणून आली तेव्हा काय थाट होता म्हणून सांगू! डोंगरातल्या कुपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या रानात, साग तोडायचे, बैलगाड्यांतून ओंडके डेपोत यायचे आणि कर्जतकडून आलेल्या रेल्वेच्या फाट्यावर मालगाडी भरायची. लाकूड कापायची गिरणी, हॉटेलं, शाळा, सोमवारचा बाजार, सगळं होतं. झाडाला कुऱ्हाड लावायच्या आधी वाघोबाला नारळ आणि शेंदूर, ही तिथली रीत. देवाचा शेंदूर परत घरी कसा न्यायचा? म्हणून उरलेला शेजारच्या हद्दीच्या दगडाला फासायचे.

मग तोड बंद झाली, रूळ उखडले आणि वस्ती बघता बघता रिकामी झाली. इंदूबाईचा नवरा नामा सगळ्यांच्या शेवटी निघाला. देवाला एकटं कसं टाकायचं, म्हणून त्यानं घाईघाईत तो टेंपोत घातला. दोन शेंदरी दगडांतला नेमका चुकीचा उचलला बहाद्दरानं! आता भांडायचं तरी कुणाशी? नामाला जाऊन बरीच वर्षं झाली.

इंदूबाईनं जेवणाचं ताट बाजूला सारलं. "देव तिथं दिव्याबत्तीवाचून उपाशी, आन् मी हितं डेपोला निवद दाखवतेय!"

"आई, तुमची भक्ती तर खरी होती ना?" सून हर्षला म्हणाली.

"खरी होती गं. पण पोचली कुठं?"

शेवटी मुलगा मनोज तिला घेऊन निघाला. गाडीरस्ता संपला तशी दोघं पायी चालू लागली. गिरणीच्या जोत्यावर करवंदीच्या जाळ्या माजल्या होत्या. बाजार कुठं भरायचा तेही तिला कळेना. देव कुठल्या अवस्थेत सापडेल या धास्तीनं ती झाडाझाडाखाली वाकून बघत होती.

झाडीतून शेंदूर चमकला. ताजा! पुढ्यात झेंडू, फोडलेला नारळ, विझलेली उदबत्ती. शेजारी शेळ्या राखत बसलेला एक म्हातारा उठून आला. गोमा त्याचं नाव.

"ह्याचं कोण करतं रं, दादा?"

"कोन म्हंजे? आमी. ठाकरवाडी हाय ना पल्याड. तुमचा डेपो यायच्या आदीपासून आमचाच देव हाय ह्यो."

इंदूबाई तिथंच देवापुढं बसली. तिनं सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. गोमा आधी पोट धरून हसला, मग एकदम थांबला.

"म्हंजे तुमी ह्यालाच उचलनार होता?"

"व्हय."

"नेला असता तर आमी कुटं शोधायचा गं, बाय?"

हा विचार तिच्या मनाला कधी शिवलाच नव्हता. छातीवरची धोंड उतरली तशी ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

"बरं झालं देवा," ती देवाला हात जोडून म्हणाली, "आमचं माणूस वेंधळं निघालं!"