गरुडझेपेसाठी दीड सेंटीमीटर

नाताळच्या सुट्टीत थीम पार्कला जायचं हे एकदाचं ठरलं, तेव्हा घरात माणसं पाच होती आणि बेत मात्र सात-आठ. मोबाइल जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलेला, त्यावर पार्कचा फॉर्म उघडलेला, आणि चार डोकी त्यावर अशी वाकलेली की जी फॉर्म भरत होती त्या सूनबाईलाच काही दिसेना.

"सकाळी सातला निघायचं," तिचा नवरा म्हणाला. तो सुतार. दारं-खिडक्या करायचा, आणि त्याच्या कामासारखंच त्याचं बोलणंही चौकोनी.

"सातला निघायचं म्हणजे तू साडेआठला उठणार," त्याचे वडील म्हणाले. ते टेलर. घराखालच्या गाळ्यात त्यांचं दुकान होतं, आणि आख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. "मला खिडकीजवळची जागा. आणि डबा घरचा."

"आजोबा, तिथे सगळं मिळतं," दहा वर्षांचा दादा म्हणाला.

"मिळतं सगळं. पचत नाही सगळं."

या गलक्यात एक आवाज मात्र नव्हता. धाकटी, जिला सगळे टिंगी म्हणत, खुर्चीवर गुडघे टेकून फॉर्मातली एकच ओळ वाचत होती: मुलांची उंची. एकशेवीस सेंटीमीटर भरली तर मनगटावर हिरवा पट्टा, आणि हिरवा पट्टा असला तरच गरुडझेप. गरुडझेप ही तिथली सगळ्यात मोठी राइड. उंचावरून गरुडासारखी झेपावते आणि पोटातलं सगळं वरच राहतं, असं दादा सांगायचा. उंची भरली नाही तर पिवळा पट्टा, आणि मग हत्तीच्या पाठीवर गोल गोल. नाताळात गर्दी फार, म्हणून राइडच्या जागा आधीच राखून ठेवायच्या. रविवारपर्यंत फॉर्म बदलता येणार, त्यानंतर नाही.

"आजोबा, मला मोजा ना."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. ती टेप त्यांच्या गळ्यात सकाळी आंघोळ झाली की यायची आणि रात्री देवाला नमस्कार करून झाला की उतरायची. टिंगी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मान अशी ताणली की गळ्यावरच्या शिरा दिसाव्यात.

"टाच टेकव," मास्तर म्हणाले. "देवाला आणि टेलरला फसवू नये. दोघांनाही आतलं माप कळतं."

टाच टेकली. मास्तरांनी चष्मा वर सरकवला, टेपेवर अंगठा दाबला, एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"एकशे अठरा आणि अर्धा."

टिंगीची ताणलेली मान खाली आली. मग सुतार म्हणाला, "माझी टेप आणू का? एकदा बघून घेऊ."

"तुझी टेप दाराला लाव. पोरगी काय दार आहे?"

हा त्या घरातला जुना नियम. मुलगा सुतारकामाला लागला त्या दिवशी बापाने सांगितलं होतं, पोलादाची टेप घरात आण, पण माणसाच्या अंगाला लावायची नाही. पोलादाला ऊब नसते. माणसाला मापायचं ते कापडाने, आणि तेही हळू. सुताराने हे कधी मोडलं नव्हतं. बापाचा धंदा घेतला नाही, निदान बापाचा शब्द तरी ठेवावा, एवढंच त्याला वाटत असावं.

टिंगी भिंतीपासून बाजूला झाली. "तुम्ही जा सगळे," ती अगदी शांतपणे म्हणाली. "मी खाली थांबून चपला सांभाळीन."

यामागे गेल्या वर्षीची गोष्ट होती. गावाबाहेरच्या जत्रेत मोठ्या पाळण्याशी उंचीचा खांब होता. तिथल्या माणसाने टिंगीच्या डोक्यावरून हात फिरवून तिला बाजूला केलं होतं. सगळे वर गेले, आणि ही खाली आजोबांच्या शेजारी सगळ्यांच्या चपला आणि टोप्या धरून उभी राहिली. रडली नाही. घरी आल्यावर मात्र तिने दाराच्या वरच्या पट्टीला लोंबकळायला सुरुवात केली, ती वर्षभर रोज.

"दीड सेंटीमीटरच तर कमी आहे," दादा म्हणाला. "एकशेवीस लिहून टाक ना आई."

"फॉर्मात खोटं लिहिणार नाही," सूनबाई म्हणाली. तिने त्या रकान्यात काहीच लिहिलं नाही आणि मोबाइल पालथा घातला.

*

सूनबाई दुपारी दुकानात बसून काज-बटणं करायची. नाताळच्या गाण्यांसाठी मुलांच्या गायनवर्गाची बावीस जाकिटं आली होती, बंद गळ्याची, निळी. मापं मास्तरांनी आधीच घेऊन वहीत उतरवली होती. रोज दोन-तीन कापायची, शिवायची, द्यायची, असं चाललं होतं.

बुधवारी मास्तर वर जरा पाठ टेकायला गेले. झोपेत गळ्याला गुंडाळू नये म्हणून जाताना टेप कटिंगच्या टेबलावर सरळ पसरून ठेवून गेले. सूनबाई बटणाला दोरा गुंडाळत होती आणि तिची नजर सहज टेबलाच्या कडेवर गेली. टेपेचं पितळी टोक टेबलाच्या कडेबाहेर लोंबत होतं.

तिने टेप मागे सरकवली. दुसरं टोक अलीकडच्या कडेला अगदी बरोबर लावलं. तरी पलीकडचं टोक बाहेरच. चांगलं दीड बोट.

आता हे टेबल कुठलं, ते सांगायला हवं. बारा वर्षांपूर्वी, ती लग्न होऊन आली त्याच वर्षी, सुताराने ते वडिलांसाठी केलं होतं. मास्तरांनी नवी टेप आणली होती आणि फर्मावलं होतं, टेबल माझ्या टेपेएवढं कर, दीडशे म्हणजे दीडशे. टेबल आलं, मास्तरांनी त्यावर टेप पसरली, पितळी टोक कडेला जाऊन थांबलं, केसाचाही फरक नाही. मास्तर फक्त "बरं" म्हणाले. सुतार त्या "बरं"वर आठवडाभर शीळ घालत हिंडला होता.

लाकूड काही आखडलं नव्हतं. टेप लांबली होती. बारा वर्षं गळ्यात लोंबून, इस्त्रीची वाफ खाऊन, रोज शंभरदा ताणली जाऊन कणाकणाने लांबली होती. आणि लांबलेल्या टेपेत पोर भरते कमी. सूनबाईने बटण खाली ठेवलं आणि बोटांवर हिशेब मांडला. एकशे अठरा आणि अर्धा नव्हेच. टिंगी एकशेवीसच्या वर होती.

तिला आधी हसू आलं आणि मागोमाग धसका बसला.

कारण उन्हाळ्यात मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून दोन जुनी गिऱ्हाइकं समोरच्या तयार कपड्यांच्या दुकानाकडे वळली होती, आणि मास्तर सुईत दोरा ओवताना पाठ फिरवून बसू लागले होते. या माणसाला कसं सांगायचं, की बाबा, ज्या टेपेवर तुमचा देवाइतका विश्वास, तीच चुकीची आहे? तिच्याने सांगवेना.

मग तिने जे केलं ते मायेपोटी केलं, पण केलं चुकीचंच. संध्याकाळी बाजारातून तसलीच पिवळी टेप आणली. चहाच्या पाण्यात बुचकळली, चुरगाळली, वाळवली, आणि सकाळी मास्तर आंघोळीला गेले तेव्हा खुंटीवर टांगली. जुनी टेप बटणांच्या डब्यात तळाशी गेली.

"टेप आज जरा कडक वाटते," मास्तर म्हणाले.

"गारठा आहे ना, बाबा."

"गारठ्याने माणूस आखडतो हे माहीत होतं," ते पुटपुटले, आणि कामाला लागले.

त्याच संध्याकाळी सूनबाई म्हणाली, "बाबा, टिंगीला एकदा पुन्हा मोजा ना. पोर रोज लोंबकळते, काही फरक पडला असेल." टिंगी भिंतीला लागली. टाच टेकली. मास्तरांनी अंगठा दाबला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"एकशेवीस. आणि वर अर्धा."

टिंगीने ओरडाआरडा केला नाही. आजोबांच्या कमरेला मिठी मारून ती तशीच उभी राहिली. दादाने मोबाइल आणला. रकान्यात आकडा गेला, हिरवा पट्टा आला. "आणि गरुडझेपेत माझ्या शेजारी आजोबा," टिंगीने सांगितलं. मास्तर म्हणाले, पोटातलं वर राहायला माझ्या पोटात आहेच काय, लिही नाव.

*

शनिवारी दुपारी गायनवर्गाच्या बाई दोन जाकिटं हातात घेऊन आल्या. बाई सज्जन, आवाज गोड, म्हणून तक्रारही गोडच झाली.

"मास्तर, आधीची सगळी सुंदर बसली. ही कालची दोन मात्र छातीत घट्ट होतात. खालचे सूर येतात हो, पण वरच्या सुराला श्वास घेतला की मुलं अडकतात. एकाचं तर बटणच उडालं, पेटीवाल्याच्या कपाळावर."

सूनबाईच्या हातातली सुई थांबली. मापं जुन्या टेपेने घेतलेली, आणि कापड गुरुवारपासून नव्या टेपेने कापलेलं. इतका साधा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता.

मास्तरांनी वही पाहिली, जाकीट पाहिलं. टेपेने मोजलं तर वहीतला आकडा आणि जाकिटाचा आकडा जुळत होता. म्हणजे मापच चुकीचं घेतलं गेलं, असंच त्यांना वाटणार. बाईंना ते म्हणाले, "सोमवारी नीट करून देतो." बाई गेल्या. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि भरदिवसा खुंटीला टांगली.

"सूनबाई, माझा हात गेला गं."

"असं काय म्हणता, बाबा?"

"डोळा गेला की हात जातोच. लोकांच्या लेकरांचा श्वास अडकवायला लागलो." ते स्टुलावर बसले. "टिंगीचं मापही मी चुकवलं असणार. रविवारी एकशे अठरा, गुरुवारी एकशेवीस. पोर काय चार दिवसांत वाढते? त्या गरुडात कमी उंचीचं लेकरू बसलं आणि सीटच्या पट्ट्यातून निसटलं तर? फॉर्म बदल. पिवळा पट्टा लाव. आणि माझं नाव काढून टाक. मी घरी बसेन."

आता गप्प बसणं म्हणजे पाप होतं. सूनबाई उठली. बटणांचा डबा टेबलावर उपडा केला, तळातून जुनी टेप काढली, टेबलावर पसरली. खुंटीवरची काढून तिच्याशेजारी पसरली. एक कडेला थांबली. दुसरी दीड बोट बाहेर.

"बाबा, हात तुमचा नाही चुकला. टेप लांबली होती, मी गुपचूप बदलली. तुम्हाला सांगितलं नाही. जाकिटं माझ्यामुळे घट्ट झाली."

मास्तर त्या पितळी टोकावर वाकले. बोटाने त्याला जरा झुलवलं.

"किती वर्षं लांबत असेल?"

"बारा."

"आणि बारा वर्षांत एकाचाही सदरा घट्ट झाला नाही."

"कसा होईल? ज्या टेपेने मोजलं तिनेच कापलं."

मास्तरांच्या ओठांचा कोपरा हलला, पण हसू आलं नाही. "मला सांगायचं होतंस."

"तुम्हाला लागलं असतं."

"लागलं असतं," ते म्हणाले. "मग मी तुझ्याशी तासभर बोललो नसतो. मग चहा घेतला असता. मग बरं वाटलं असतं. तू मला त्या तासापासून वाचवलंस आणि दोन दिवसांत म्हातारा केलंस."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पाहिलं, आणि कात्री तिच्या हातात दिली. "रडू नकोस. निळ्या कापडावर डाग दिसतात. ती जाकिटं उसव, शिवणीत जादा कापडाची माया ठेवली आहे. उरलेली या म्हाताऱ्या टेपेनेच कापू. तिने मापं घेतली, तिलाच निस्तरू दे. मग तिला पेन्शन."

*

रविवारी सकाळी मास्तरांनी सगळ्यांना दुकानात बोलावलं.

"तुझी टेप आण," ते मुलाला म्हणाले.

सुताराने एकदा बायकोकडे, एकदा बापाकडे पाहिलं. "कशाला?"

"आण म्हणतो ना. आज आपल्याकडे दोन टेपा दोन बाजूंनी बोलतात. तुझी साक्ष काढायची आहे."

सुताराने कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली पोलादी टेप काढली. मास्तरांनी ती आपल्या हातात घेतली, लांब ओढली, आणि दोन्ही तळव्यांत धरून चोळत बसले. सगळे बघत राहिले. पोलाद जरा कोमट झालं, तेव्हा त्यांनी ते मुलाच्या हाती दिलं. "हां. आता लाव. हळू."

टिंगी भिंतीला लागली. तिने श्वास रोखून धरला. सुतार गुडघ्यावर बसला. दारं मोजताना झरझर चालणारा त्याचा हात आज अंडं धरावं तसा चालला होता. त्याने डोक्यावर फूटपट्टी आडवी ठेवली, आकडा वाचला, मग खात्रीसाठी मान तिरकी करून पुन्हा वाचला.

"एकशेवीस," तो म्हणाला. "वर चार मिलिमीटर."

"बरं," मास्तर म्हणाले.

सुताराने खाली बघून टेप मिटली, पण त्याचे कान लाल झालेले सूनबाईला दिसले. तिने मोबाइल काढला. हिरवा पट्टा तसाच होता. खालच्या ओळीत आजोबांचं नावही होतं. काल तिने ते काढलंच नव्हतं.

"आजोबा, आता तुम्ही," टिंगी म्हणाली.

"माझं काय? मला हिरवा-पिवळा काही नाही."

"तुम्हाला कुणी कधी मोजलंय?"

मास्तर विचारात पडले. पन्नास वर्षं गल्लीतल्या बारशाच्या झबल्यापासून लग्नाच्या कोटापर्यंत सगळ्यांच्या अंगाला त्यांनी टेप लावली होती. स्वतःचे सदरे ते अंदाजाने बेतायचे. त्यांना कुणी कधी भिंतीला उभं केलं नव्हतं.

ते उठले. भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मान ताणली. अगदी गळ्यावरच्या शिरा दिसेपर्यंत.

टिंगीने खाली वाकून पाहिलं.

"आजोबा," ती म्हणाली, "टाच टेकवा."