सेवेरोचा डावा कान

बाळांनो, तुमच्या हातात ओल्या मातीचा गोळा आहे असं समजा. गार, जड. त्यातून ओळखीच्या एका माणसाचं डोकं घडवायचंय. जमेल? कारारा गावात, संगमरवराच्या डोंगराखाली, आर्जिया नावाच्या मुलीच्या बाबांना ते जमायचं.

बाबांचं नाव उल्देरिको. त्या हिवाळ्यात ते सेवेरोचा अर्धपुतळा करत होते. सेवेरो त्यांचा लहानपणापासूनचा मित्र. तिथल्या राजाच्या, म्हणजे ड्यूकच्या, तुरुंगातून सुटून आता गावाचा पुढारी झालेला. आधी मातीचा नमुना करायचा, मग त्यावरून दगड घडवायचा. माती सुकली की तडकते, म्हणून तिच्यावर ओली फडकी गुंडाळून ठेवतात. ती भिजवायचं काम आर्जियाचं.

एका संध्याकाळी बाबा दगड निवडायला खाणीवर गेले होते. आर्जियाला खेळायला पळायचं होतं. फडकं हलक्या हातानं सोडवायचं, तर तिनं ते ओढलं. त्याला थोडी माती चिकटून आली. कालपर्यंत पुतळ्याचे कान केसांखाली होते. आज बाबांनी केस मागे सारून नवे कान घडवले होते. आणि डावा कान अर्धाच!

तिला वाटलं, उरलेला आपणच तोडला. एवढंसं काम, तेही धड झालं नाही. बाबांना कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं चिमूटभर माती मळली आणि उजव्या कानाकडे बघत बघत डावा पुरा केला. इतका हुबेहूब जमला की तिला जरा बरंसुद्धा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सेवेरो आला. कानांवर नेहमीचे लांब केस.

"नाक बेतानं कर हं, उल्देरिको. नाहीतर लोक नाकालाच मत देतील."

"नाक तुझं आणि बोलणी मला? बस गप्प."

बाबांनी फडकं सोडवलं. सेवेरोचं हसू मावळलं. त्यानं स्वतःचे केस मागे सारले. त्याचा डावा कान खालून अर्धा कापलेला होता. आर्जियानं तो कधी पाहिलाच नव्हता.

"तुरुंगात शिपायांनी कापला तेव्हापासून लपवत आलोय," तो म्हणाला. "काल तुला एकट्याला दाखवला. आहे तसाच कर म्हणालो. तुलाही माझी लाज वाटली, होय रे?"

"मी अर्धाच केला होता..." बाबा आपल्या बोटांकडे बघत राहिले.

"मग रात्रीत उगवला वाटतं!" सेवेरोनं टोपी उचलली. "राहू दे. दुसरा कुणीतरी घडवेल मला."

तो दाराकडे निघाला. बाबा पुतळ्यासमोरच उभे राहिले. त्यांची मान खाली गेली होती. आर्जियाला वाटलं, जमिनीत गडप व्हावं.

ती पुतळ्यापाशी गेली. कानाचा खालचा तुकडा तिनं बोटांनी तोडला, धावत जाऊन दारात सेवेरोच्या आडवी उभी राहिली आणि तो त्याच्यापुढे धरून म्हणाली, "काका, बाबांनी नाही. हा मी लावला."