खारीचं मनगट

थोरलीला घरात कुणी नावाने हाक मारतच नसे. चालायला लागली तशी ती दाराच्या चौकटीला हातपाय टेकवून वर चढायची आणि तिथून खाली बघत खिदळायची. तिच्या बाबाने तिचं नाव खार ठेवलं आणि तेच चिकटलं. शाळेत जायला लागल्यावर खार जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये पोचली, आणि तिथल्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात तिच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं, की ही पोरगी साधीसुधी नाही. असं वाक्य आईबापाच्या डोक्यात एकदा शिरलं की पुन्हा बाहेर निघत नाही.

आई एका मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढायची. सकाळच्या पाळीला जायचं, शिशाचा एप्रन चढवायचा आणि दुपारपर्यंत लोकांची हाडं बघायची. बाथरूममध्ये घसरलेले म्हातारे, सायकलवरून आपटलेली पोरं, दारात बोटं चेमटून घेतलेली माणसं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या कामाला घड्याळ नव्हतं. कोण कुठल्या इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये अडकेल याचा नेम नसे. या दोन कामांच्या मधल्या फटीत खारीचा सराव कसाबसा बसवलेला होता. आई दुपारी घरी येऊन डबे भरायची, शाळेच्या फाटकावरून दोन्ही मुलींना घ्यायची आणि हॉलवर नेऊन तिथेच थांबायची. संध्याकाळी बाबा कामावरून परस्पर तिथे यायचा. गाडी एकच, त्यामुळे तिची किल्ली हॉलच्या पायऱ्यांवर आईच्या हातातून बाबाच्या हातात जायची आणि आई बसने घरी परतायची. कित्येक दिवस नवराबायकोचं बोलणं एवढंच व्हायचं. पेट्रोल संपत आलंय. बरं. टिल्लीला खोकला आहे. बरं.

टिल्ली म्हणजे धाकटी. ती हॉलच्या बाकावरच वाढली म्हटलं तरी चालेल. अभ्यास बाकावर, खाणं गाडीत, झोप बहिणीच्या बॅगेवर डोकं टेकून. हिलाही कशात तरी घालू या, पोहण्यात नाहीतर चित्रकलेत, असा विषय अधूनमधून निघे आणि तसाच विरून जाई, कारण आठवड्याला वार सातच. कुणी आईला विचारलं, बाई, जमवतेस तरी कसं, की ती म्हणायची, ‘तारेवरची कसरत आहे. खार त्या अरुंद लाकडी बीमवर करते, मी जमिनीवर.’ लोक हसत. तीही हसे.

रविवारी हॉल बंद असे, आणि रविवारी भांडण होई. सुरुवात कशानेही व्हायची, पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलने किंवा संपलेल्या दुधाने, पण शेवटी गाडी त्याच दोन ठिकाणांवर येऊन आदळायची. बाबाला कंपनीने दुसऱ्या गावी सुपरवायझर करून पाठवायचं ठरवलं होतं. तिथे अशा मॅडम नाहीत म्हणून त्याने नकार दिला. आईला स्कॅनच्या नव्या मशीनचं शिक्षण घ्यायची संधी आली होती. वर्ग संध्याकाळचे म्हणून तिने नाव मागे घेतलं. दोघांनी जे केलं ते खारीसाठी केलं. भांडण एवढंच असायचं, की कुणी जास्त केलं. मुली शेजारच्या खोलीत असत. दार लावलेलं असे. लावलेल्या दारातून किती ऐकू जातं हे भांडणाऱ्यांना कधी कळत नाही.

मग मॅडमनी मोठ्या स्पर्धेच्या तयारीसाठी निवडक मुलींचा रविवारचाही सराव सुरू केला. लहान म्हणून खारीचं नाव त्या यादीत नव्हतं. तिने स्वतः जाऊन ते घालून घेतलं. एवढ्याशा पोरीची ही जिद्द बघून आईचा ऊर भरून आला. बाबाने एकदा म्हटलं, की एक दिवस तरी विश्रांती हवी. आईने ते कानाआड केलं, आणि त्यानेही पुन्हा विषय काढला नाही. खरं सांगायचं तर रविवार टळला याचं दोघांनाही बरं वाटलं होतं.

स्पर्धा तोंडावर आली असताना एका सकाळी आईला सुट्टी होती. कधी नव्हे ते ती चहाचा कप घेऊन मुलींच्या समोर शांतपणे बसली. टिल्लीने बहिणीच्या ब्रेडला लोणी लावून दिलं. मग तिच्या बाटलीचं झाकण पिळून सैल केलं. मग स्टुलावर चढून तिची वेणी घातली, वाकडीतिकडी, पण सराईतासारखी. आईला वाटलं, किती माया आहे दोघींची. गमतीने म्हणाली, ‘का गं, ताईला हात नाहीत का?’

दोघींनी एकमेकींकडे असं बघितलं, की आईच्या हातातला कप तसाच राहिला.

तिने जॅमची बाटली खारीपुढे सरकवली आणि उघडायला सांगितली. खारीने ती दोन्ही गुडघ्यांत धरली आणि डाव्या हाताने झाकण पिळायला लागली. आई उठली, तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठ्याच्या बुंध्याखालच्या हाडावर हलकेच दाबलं. खारीच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. पण चेहऱ्याने दुखणं लपवणारे लोक आई रोज बघायची. म्हणून आई खाली बघत होती. खारीच्या पायांची बोटं आत वळली होती.

‘कधीपासून?’

‘थोडंसंच आहे,’ खार म्हणाली.

‘थोडंसं नाहीये,’ टिल्ली म्हणाली आणि रडायलाच लागली. कुणाला सांगणार नाही असं तिने ताईला वचन दिलं होतं, आणि उन्हाळ्यापासून ते पाळलं होतं.

इस्पितळात त्या दिवशीच्या पाळीवरच्या सहकाऱ्याने म्हटलं, तू बाहेर बस, मी काढतो. आई ऐकेना. तिनेच खारीचा हात प्लेटवर ठेवला, बोटं सरळ केली, मग तुलनेसाठी डावा हातही ठेवला, आणि काचेमागे जाऊन इतर सगळ्यांना सांगायची तसंच सांगितलं, हलू नकोस. पडद्यावर चित्र उमटलं. वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडाच्या टोकाशी एक बारीक काळी रेघ असते. हाड तिथून वाढतं. डाव्या मनगटात ती केसासारखी होती. उजव्यात ती रुंदावलेली होती, काठ उंदराने कुरतडल्यासारखे. वाचायला डॉक्टर लागणारच होते, पण आईला ते येईपर्यंत थांबायची गरज उरली नव्हती.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की ही एका दिवसाची इजा नाही, रोज हातावर अंग तोलून तोलून झालेली आहे. असंच चाललं असतं तर हाडाची वाढ तिथेच थांबून मनगट कायमचं वाकडं झालं असतं. आताही सगळं आपोआप भरून येईल अशी खात्री ते देऊ शकत नव्हते. आईला ते दोष देणारं काही बोलले नाहीत. ती इथे काय काम करते हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते न बोलणंच तिला जास्त लागलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

प्लास्टर घालून झाल्यावर आई तिला कपडे बदलायच्या छोट्या खोलीत घेऊन गेली. भिंतीला एप्रन टांगलेले होते. दोघी बाकावर बसल्या. मॅडम रागावतील म्हणून सांगितलं नाहीस का, असं आईने विचारलं. खारीने नकारार्थी मान हलवली. स्पर्धा हुकेल म्हणून? पुन्हा तशीच मान हलली. आईच्या मनात राग, भीती आणि लाज यांचा नुसता काला झाला होता. तिने आवाज कसाबसा खाली ठेवला.

‘मग का गं?’

‘सराव नसला की तुम्ही दोघं घरी असाल,’ खार प्लास्टरकडे बघत म्हणाली. ‘रोज रविवार होईल.’

आईला क्षणभर अर्थच लागला नाही.

‘स्पर्धेला तुम्ही शेजारी बसता,’ खार पुढे म्हणाली. ‘बाबा तुझी पर्स धरतो. मी नीट उतरले की तुम्ही एकमेकांकडे बघून हसता. मला बीमवरून दिसतं ते.’

आई आयुष्यभर लोकांना श्वास रोखायला सांगत आली होती. आता तिलाच तो सोडता येईना. तिने खारीला जवळ ओढलं, प्लास्टर दोघींच्या मध्ये अवघडलं.

दुपारी बाबा काम टाकून आला. दारातच त्याने प्लास्टर बघितलं, खारीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मुली आत गेल्यावर म्हणाला, की मी तेव्हाच म्हटलं होतं, रविवारचा सराव नको. आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकदा म्हटलं आणि मोकळा झालास, ती म्हणाली. संध्याकाळी हॉलवर तू असतोस, मी नाही, तुला कधी दिसलं नाही? तो म्हणाला, हाडांचं मला काय कळतं, ते तुझं खातं. शब्दाने शब्द वाढत गेला. तेवढ्यात आतल्या खोलीतल्या टीव्हीचा आवाज एकदम मोठा झाला.

आई बोलता बोलता थांबली. तिला आठवलं, की रविवारी भांडण व्हायचं तेव्हा हा आवाज असाच मोठा व्हायचा, आणि ते संपल्यावर ती आत जाऊन ओरडायची, की बहिऱ्या आहात का. तिने नवऱ्याला खुर्चीवर बसवलं आणि खार जे बोलली ते शब्दाला शब्द सांगितलं. स्वतःची भर घातली नाही.

‘तिला तिथून दिसतं?’ एवढंच त्याने विचारलं.

‘दिसतं.’

दोघं आत गेली. टिल्लीने टीव्ही बंद केला. आई म्हणाली, की आमची भांडणं आमची आहेत, तुझ्यामुळे होत नाहीत आणि तुझ्यामुळे थांबणारही नाहीत. तू त्यासाठी काही करायचं नाहीस. खारीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘तुम्ही वेगळे होणार का?’

आईने नवऱ्याकडे बघितलं. दुसरा कुठला दिवस असता तर दोघांनीही एका सुरात नाही म्हटलं असतं.

‘माहीत नाही,’ आई म्हणाली.

‘मलाही माहीत नाही,’ बाबा म्हणाला. ‘पण बेटा, तुझा हात मोडणं हा त्यावर इलाज नाही.’

मॅडमचा फोन आला. त्या तळमळीने बोलत होत्या, या वयात एक वर्ष गेलं की सगळंच गेलं, म्हणत होत्या. आई म्हणाली, जाऊ दे. फोन ठेवल्यावर तिने सवयीने हॉलचे डबे भरायला घेतले आणि मग आठवून परत ठेवले. एवढी वर्षं जे डोक्यात बसलं होतं ते दोन शब्दांत निघत नाही. बाबाला तर त्याहून जड गेलं. हॉलची वेळ झाली की तो चुळबुळ करायचा, बूट घालायचा, आणि खाली जाऊन उभ्या गाडीत बसून राहायचा.

संध्याकाळी चौघं घरात असणं ही गोष्ट कुणाला जमतच नव्हती. कुणी कुठे बसायचं इथपासून सुरुवात. पहिले काही आठवडे खारीचं भाकीत खरंच ठरलं, रोज रविवार झाला. एकदा बाबा रागारागाने भावाकडे जाऊन राहिला आणि टिल्लीने जेवण सोडलं. तो परत आला तेव्हा त्याने कंपनीत पुन्हा विचारलं. सुपरवायझरची जागा केव्हाच भरली होती, पण त्याच गावी त्याहून खालचं एक काम मिळालं, आणि तो आठवड्यातले काही दिवस तिकडे राहायला लागला. हे सांधणं आहे की सावकाश तुटणं, ते आईला सांगता आलं नसतं. ती संध्याकाळच्या वर्गाला जायला लागली. वर्गाच्या दिवशी शेजारच्या काकू मुलींपाशी येऊन बसत.

प्लास्टर निघालं तेव्हा आतला हात काडीसारखा झाला होता. डॉक्टर म्हणाले, वाढ सुरू आहे, दोन मनगटांत थोडा फरक राहील. खार पुढे बरेच दिवस हॉलकडे फिरकली नाही. मग एकदा आपण होऊन म्हणाली, की साध्या बॅचला जाईन, आठवड्यातून दोनदा, चालत. टिल्लीला विचारलं, तुला कशात घालू? तिने सांगितलं, कशातच नको.

हिवाळा संपता संपता एका रविवारी बाबा गावाहून आलेला होता. सगळी उशिरा उठली. आईने अंडी उकडली. मोरी तुंबली होती, आणि गेल्या खेपेला ती कुणी साफ करायची ठरलं होतं यावरून दोघांचं सुरू झालं. आवाज चढला. आईने बोलता बोलता सवयीने मागे वळून बघितलं. खारीच्या खांद्यात काहीतरी आवळलं गेलेलं तिला दिसलं, तिच्या नजरेला ते दिसणारच. पण पोरगी टीव्हीचा आवाज वाढवायला उठली नाही.

‘मीठ दे गं,’ खार टिल्लीला म्हणाली, आणि उजव्या हाताने अंड्याचं टरफल काढायला लागली.

बाबा बाह्या वर करून मोरीशी वाकला. त्याची तक्रार चालूच होती, आणि आईची उत्तरंही.