तीन सुऱ्या आणि आत्याचा हात

"दगड भिजू दे, मग हात भिजू दे, घाईला जरा बाहेरच बसू दे." असं गुणगुणत आत्या पातं दगडावरून ओढायची, तेव्हा धारवाली सात वर्षांची होती, उलट्या बादलीवर बसून ऐकायची. पंचवीस वर्षं झाली, तो आवाज काही कानातून गेला नाही. आज तर तो तिला धड उभं राहू देत नव्हता.

हॉटेलच्या भटारखान्यात तिनं सकाळपासून तिसऱ्यांदा हात धुतले. परीक्षेचा शेवटचा दिवस होता. मालकीणबाईंना नव्या जपानी सुऱ्या घ्यायच्या होत्या आणि कुठल्या पोलादाच्या, ते धारवालीनं सांगायचं होतं. दहा दिवस तीन सुऱ्या कामाला जुंपल्या होत्या. दोन नव्या लंबू आचाऱ्याकडे: एक साध्या, निर्भेळ पोलादाची, ज्याला 'पांढरं' म्हणतात, दुसरी पावडर दाबून केलेल्या पोलादाची. तिसरी याच भटारखान्यात चिराचिरी करणाऱ्या आत्याची स्वतःची, वीस वर्षांची, पांढऱ्याच पोलादाची. रोज संध्याकाळी धारवाली प्रत्येकीनं कागद चिरून बघायची, मग पिकलेला टोमॅटो.

पावडरची सुरी दहा दिवस हूं की चूं न करता चालली. पण एकदा बोथट झाली की तिला धार लावताना तासभर घाम गाळावा लागणार, हेही खरं. नवी पांढरी चौथ्या दिवशी मंदावली आणि दगडावर दहा मिनिटांत पुन्हा लखलखली. फक्त ओली ठेवली की गंज धरायची.

आणि आत्याची? सकाळी केस चिरणारी सुरी दुपारी कांद्यावरून घसरायची. रोज.

"आत्या, तुमची सुरी टोमॅटो कापत नाही, त्याची समजूत घालते," लंबू म्हणाला.

आत्या हसली, पण जरा उशिरा. तिनं सुरी पुसली, खिडकीच्या उजेडात कड धरून पाहिली. कड एका अंगाला कलली होती.

"पोलाद तेच, दगड तोच, धार लावणारीही तीच," ती म्हणाली. "मग उरलं काय? माझा हात. मी दाबत असणार. मनगट गेलं माझं."

"कापायचा पाट बदलून बघू या," धारवाली घाईघाईनं म्हणाली. "हा फार टणक आहे."

"त्याच पाटावर लंबूची चार दिवस टिकते. पाटाला कशाला बोल लावतेस, बाई?"

"मग आज माझी पांढरी घेऊन कापा ना," लंबू म्हणाला. "कळेलच."

"दुसऱ्याच्या सुरीवर हात सिद्ध करायचं वय राहिलंय का माझं?"

धारवालीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची इतकी लाज वाटली की ती उगाच कपाटातले दगड लावू लागली. मोठा खाली, बारीक वर. पुन्हा काढले, पुन्हा लावले.

महिन्यापूर्वी आत्याच्या सुरीचा टवका उडाला होता. दगडावर तो काढायचा म्हणजे दोन तासांचं काम, आणि धारवालीच्या दुकानात त्या दिवशी वीस सुऱ्या खोळंबल्या होत्या. तिनं पातं विजेवर फिरणाऱ्या घासपट्ट्यावर धरलं, तेही पाण्याविना, कोरडंच. टवका क्षणात गेला. आणि कडेवर पारव्याच्या मानेसारखी निळाई चढली. पोलाद भाजलं की असं होतं. त्याचा कणा मऊ पडतो. तिनं निळाई घासून काढली, वर दगडाची सुरेख धार दिली. वरचं सगळं गेलं, आतला मऊपणा राहिला. झिजेल हळूहळू, असं तिनं स्वतःला सांगितलं. तेवढ्यात ही परीक्षा आली, आणि परीक्षक कोण, तर तीच.

"बाईंना मी सांगून टाकलंय," आत्या एप्रनची गाठ सोडत म्हणाली. "उद्यापासून पाटावर मी नाही. दारापाशी बसून ताटं मोजून बाहेर पाठवीन. तेही कुणीतरी करायला हवंच."

लंबूचा हात थांबला.

आत्यानं सुरी फडक्यात गुंडाळली, तान्ह्याला दुपट्यात घ्यावं तशी, आणि भाचीपुढे धरली. "तुझ्याकडे राहू दे. तुझ्या हातात टिकेल."

धारवालीनं हात पुढे केला, मागे घेतला. नळ उघडा नव्हता, तरी तिला दगड भिजवणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. आत्याच्या मनगटाकडे तिनं पाहिलं. ते जराही थरथरत नव्हतं.

"आत्या, एप्रन सोडू नकोस," ती म्हणाली. "तुझा हात गेलेला नाही. टवका काढताना तुझी सुरी मी पट्ट्यावर कोरडी धरली. कड निळी पडली. ती घासून मी तुला तशीच दिली, आणि तू हाताला दोष देत होतीस तेव्हा नुसती ऐकत उभी राहिले."