विजयशेठच्या पायांची खबर

सुरतेत पर्वत पाटियाच्या चौकातून कापड बाजाराकडे वळलं की जी गर्दी लागते, तिच्यात एकदा एक उंट शिरला होता. तो तिसऱ्या दिवशी सहारा दरवाजाला बाहेर पडला, आणि तोही पाठीवर साड्यांच्या गाठी घेऊन. कोणी लादल्या, कुठे पोचवायच्या, त्यालाही ठाऊक नव्हतं. अशा गर्दीत गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे लॉटरीच. आणि तरीही तिथल्या एका कॉम्प्लेक्सात एक जागा रोज सकाळी रिकामी असायची. जमिनीवर निळ्या रंगात चाकाच्या खुर्चीचं चित्र, वर पाटी : 'फक्त दिव्यांगांसाठी'. जागेला लागून रॅम्प, रॅम्पला धरायला स्टीलचा कठडा, आणि रॅम्प संपला की उजव्या हाताचं पहिलं दुकान चंद्रभागाचं.

दुकान कसलं, कपाटाला शटर लावावं एवढं. पण त्यात शिलाई मशीन मावत होतं, फॉलच्या गुंडाळ्या मावत होत्या आणि चंद्रभागा मावत होती. पोलिओनं दोन्ही पाय लहानपणीच नेले, त्यामुळे हातांनी त्यांच्या वाटचंही काम अंगावर घेतलं होतं. ती साडीला फॉल लावायला बसली की सुई दिसायचीच नाही, नुसता दोरा पुढे पळताना दिसायचा. उभी हयात लिंबायतच्या घरात बसून लोकांच्या साड्या शिवल्यावर, पन्नाशी ओलांडून तिनं हे दुकान भाड्यानं घेतलं होतं. मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून यायची, निळ्या चित्रावर गाडी लावायची, कुबड्या काखेत घ्यायची, कठड्याला धरत रॅम्प चढायची आणि स्वतःच्या हातानं शटर वर करायची. त्या शटरच्या खडखडाटाइतकं गोड तिला दुसरं काही ऐकू येत नसे.

मग वरच्या मजल्यावर विजयशेठ आला.

विजयशेठ मूळचा नंदुरबारकडचा. ड्रेस मटेरियलमध्ये वर आलेला. सकाळी बागेत एवढ्या वेगानं चालायचा की पाळलेली कुत्री धापा टाकत मागे राहायची. त्याची पांढरी गाडी इतकी लांब, की पुढचा दिवा चौकात वळला तरी मागचा अजून उधन्यात असायचा. ती गाडी त्यानं निळ्या चित्रावर आणून लावली. नाक थेट रॅम्पच्या तोंडात.

"पाचच मिनिटं," तो वॉचमन चिंधाला म्हणाला. त्याच्या पाच मिनिटांत दोन वेळचं जेवण आणि दुपारची झोप बसायची.

त्या सकाळी चंद्रभागा स्कूटरवर बसून वाट बघत राहिली. दुसऱ्या बाजूला नुसत्या पायऱ्या. शेवटी चिंधा आणि एक हमाल आले. त्यांनी तिला विचारलं नाही, पाहिलं नाही, सरळ उचललं आणि पार्सल न्यावं तसं पायऱ्यांवरून आत नेऊन ठेवलं. खरेदीला आलेल्या बाया वाट देत बाजूला झाल्या. एक जण म्हणाली, "बिचारी."

दुपारपर्यंत चंद्रभागाच्या हातून एक टाका पडला नाही.

संध्याकाळी भाऊ घरी आला. निंबा पलसाण्याच्या कापड गिरणीत, रंगखात्यात कामाला. त्याचे हात बघून यंदा बाजारात कुठला रंग चालणार, ते व्यापारी ओळखत. त्या दिवशी त्याचे हात कोपरापर्यंत मोरपंखी होते. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "अक्का, सोडी दे ते दुकान. घर बठीसन काम कर. नही ते मी रोज खांदावर लई जासू तुले."

"मी काय गाठोडं शे का रे?" चंद्रभागा म्हणाली. "आत जाईन तर माझी मी जाईन. पुन्हा कोणी उचललं, तर त्याच दिवशी शटर कायमचं खाली."

निंबाला आपली बहीण माहीत होती. त्यानं ताट पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी तिनं विजयशेठला गाडीपाशीच गाठलं. स्कूटर आडवी घातली.

"शेठ, ही जागा आमच्यासारख्यांची आहे."

"अहो ताई, जागा रिकामी होती म्हणून लावली. एवढ्या कॉम्प्लेक्सात तुम्ही एकट्या, तुमच्यासाठी काय सोन्याची जागा राखून ठेवायची?"

"पाटी वाचता येते ना?"

"येते की." विजयशेठ हसला. आजूबाजूला दोन-चार माणसं होती, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमचेही गुडघे कुरकुरतात हो कधी कधी. आम्हालाही अपंगच समजा! झालं समाधान?"

माणसं हसली. चंद्रभागा हसली नाही. तिनं त्याच्या पायांकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बरं. समजते."

आता इथे सुरतेची एक रीत सांगायला हवी. सुरतेत कोणी आजारी पडलं की लोक त्याची 'खबर काढायला' जातात. शहाळं घ्यायचं, जाऊन शेजारी बसायचं, आपल्या मावसभावाला याहून भयंकर काय झालं होतं ते सविस्तर सांगायचं, एक जालीम औषध सुचवायचं आणि चहा पिऊन उठायचं. खबर काढायला न जाणारा माणूस आणि उधारी बुडवणारा माणूस, यांत सुरतेला फारसा फरक वाटत नाही.

चंद्रभागा त्या दिवशी स्कूटरवरच बसून राहिली, रॅम्पच्या बाहेर, सावलीत. शेजारच्या मॅचिंग सेंटरची गायत्रीबेन धावत आली. "चंद्राबेन, आत का नाही?"

"जागा विजयशेठना लागते आता," चंद्रभागा हळूच म्हणाली. "पाटी बघ ना कसली आहे. त्यांनी स्वतः सांगितलं मला, चारचौघांत. तुला काही कळलं का गं, कसं झालं?"

एवढंच. एक शब्द खोटा नाही.

"हाय हाय!" गायत्रीबेननं छातीवर हात ठेवला. "शुं थयुं? एवढा धडधाकट माणूस!"

ती दुकानात परत पोचायच्या आधी बातमी दुसऱ्या मजल्यावर पोचली होती. चहावाल्यानं ती तिसऱ्यावर नेली, टेम्पोवाल्यांनी रिंग रोडला. सचिन गावातल्या कारखान्यांत पोचेपर्यंत विजयशेठचे दोन्ही पाय कमरेपासून निकामी झाले होते. आणि ज्याला शंका यायची तो खाली येऊन बघायचा : गाडी, पाटी, निळं चित्र. पुरावा ढळढळीत.

दुपारी पहिलं शहाळं आलं.

"शेठ, केम छे हवे?" समोरचा व्यापारी गल्ल्याशेजारी बसत म्हणाला.

"मला काय झालंय?" विजयशेठ उठून उभा राहिला.

"बेसो, बेसो! जोर देऊ नका." व्यापाऱ्यानं त्याला खांद्यांना धरून खाली बसवलं. "माझ्या मावसभावाचं असंच झालं. तोही म्हणायचा, काही नाही झालं."

"अहो, माझे पाय ठणठणीत आहेत!"

व्यापाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर जाऊन तो म्हणाला, "काय हिंमतीचा माणूस! कबूलच करत नाही."

झालं. आता विजयशेठ जितका नाही म्हणेल, तितकी त्याची हिंमत बाजारात वाढायला लागली. चालून दाखवलं तर लोक म्हणायचे, बघा, कसा दात-ओठ खाऊन चालतोय. शहाळी इतकी आली की जिन्यावर रास लागली. नवसारीहून एक हाडवैद्य आला. विजयशेठ फोनवर बोलत असताना त्यानं टेबलाखाली शिरून दोन्ही पोटऱ्यांना राईचं तेल चोळलं आणि एक पाय बांधूनही टाकला. भुसावळच्या गाडीनं तीन मेव्हण्या निघाल्या, त्या नंदुरबारपासून अशा रडत आल्या, की व्याऱ्यापर्यंत सगळा डबा रडत होता आणि बारडोलीला तिकीट तपासनिसानं तिकिटं न बघताच डोळे पुसले.

"अहो, पण तुम्ही गाडी तिथून काढा ना एकदाची!" बायको उषा वैतागून म्हणाली.

"काढली तर त्या बाईचं खरं झालं!" विजयशेठ म्हणाला. "नाही काढणार!"

इकडे चंद्रभागाचंही सोपं नव्हतं. रोज ती यायची, सावलीत स्कूटर लावायची आणि मांडीवर साड्या घेऊन हातानं फॉल लावत बसायची. मशीन आत, ती बाहेर. शटर बंद. लग्नसराई तोंडावर आलेली. गिऱ्हाइकं एक एक करून दुसरीकडे वळायला लागली होती. दुकानाच्या मालकानं निरोप पाठवला : बाई, दुकान उघडत नसाल तर मागायला माणसं आहेत, रविवारपर्यंत काय ते सांगा.

चिंधा अपराधी चेहऱ्यानं जवळ यायचा. "अक्का, उचलीसन नेऊ का? कोणी बघनार नही."

"मी बघीन ना, चिंधा."

रविवारी कॉम्प्लेक्सच्या व्यापारी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता. खालच्या चौकात स्टेज, बँड, पेढे. दरवर्षी मंडळ कोणाला तरी काहीतरी देतं. मंडळाचे प्रमुख जयंतीकाका मोठे भावनाप्रधान. दुसऱ्याच्या मुलीच्या बारशालाही त्यांना हुंदका आवरत नसे. त्यांनी यंदा ठरवलं : आपल्यातलाच एक बांधव संकटात असताना बाहेर कशाला बघायचं?

विजयशेठला सांगितलं होतं नुसतं, की तुमचा सत्कार आहे. सत्कार म्हटल्यावर तो नवा सफारी घालून आला. पहिल्या रांगेत मेव्हण्या. चंद्रभागा एका कडेला, स्कूटरवर.

"आपला विजयभाई!" जयंतीकाकांचा आवाज माइकवर फुटला. "पाय गेले, पण हसू गेलं नाही! मंडळातर्फे एक छोटीशी भेट..."

पडदा सरकला. झेंडूच्या माळा घातलेली, चकाकती चाकाची खुर्ची.

"अहो, थांबा!" विजयशेठ ओरडला. "माझे पाय..."

"धीर धरा!" सगळा चौक एका सुरात म्हणाला.

काकांनी खूण केली. चार हमाल पुढे आले. ते गाठी उचलणारी माणसं, त्यांनी विजयशेठला विचारलं नाही, पाहिलं नाही. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी गुडघ्यांखाली, आणि उचलला. सफारी वर सरकला, एक बूट खाली पडला. तो हवेत हातपाय झाडत होता आणि खालून बाया हळहळत होत्या, "बिचारा, बिचारा."

त्या क्षणी विजयशेठची नजर चंद्रभागावर गेली. हळहळत नव्हती ती एकटीच. ती त्याच्याकडे बघत होती, शांत, टक लावून. आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मग जे झालं ते सुरतेत पुन्हा होणार नाही. विजयशेठनं हमालांच्या हातातून अशी उसळी मारली, की तो खुर्चीवरून, स्टेजवरून, बँडवाल्याच्या ढोलावरून उडत थेट स्वतःच्या गाडीच्या बोनेटवर पडला. तिथून टपावर. एका पायात बूट, एका पायात हाडवैद्याची पट्टी. हातात काकांकडून हिसकावलेला माइक, वायर मागे लोंबतेय.

"बघा!" तो गरजला. "हे माझे पाय! हा उजवा! हा डावा! दोन्ही धडधाकट! मला काही झालेलं नाही, कधी झालं नव्हतं!" आणि पटावं म्हणून तो टपावर धडाधड उठाबशा काढायला लागला. टपाला खड्डा पडला तरी थांबेना. घाईत त्यानं कानही धरले होते, असं पहिल्या रांगेतले लोक सांगतात.

बँड थांबला. सगळा चौक बघत होता. वर उठाबशा काढणारा शेठ, खाली पांढरी गाडी, गाडीखाली निळं चित्र आणि बाजूला पाटी.

"शेठ," चंद्रभागा म्हणाली. तिला माइक लागला नाही, एवढी शांतता होती. "पाय चांगले आहेत, ऐकून जिवाला बरं वाटलं. मग ही गाडी इथे कोणासाठी उभी आहे?"

विजयशेठ अर्ध्या उठाबशीत थांबला. पाच मिनिटं म्हणावं तर चौकभर साक्षीदार. गुडघे कुरकुरतात म्हणावं तर आत्ताच...

पहिली हसली ती उषा, त्याची बायको. मग मेव्हण्या, मग तिसरा मजला, मग सगळा बाजार. जयंतीकाका हसता हसता हुंदके द्यायला लागले. विजयशेठ टपावरून उतरला, बूट शोधला आणि गाडीत बसला. गाडी मागे घ्यायला लागला तेव्हा बँडनं आपणहून सुरुवात केली, आणि ती लांबलचक गाडी चौकातून, बाजारातून, पार पलीकडच्या मैदानातल्या पार्किंगपर्यंत वाजत गाजत गेली. पुढे बँड, मागे पोरंसोरं, आत लग्नातल्या नवरदेवापेक्षा जास्त घामाघूम झालेला विजयशेठ.

खुर्चीचं काय करायचं, काकांनी माइकवर विचारलं. चंद्रभागा म्हणाली, "रॅम्पपाशी ठेवा. म्हाताऱ्या बाया खरेदीला येतात, जिला लागेल ती बसेल. पण तिला विचारून बसवा."

मग तिनं स्कूटर सुरू केली. गर्दी दोन्ही बाजूंना सरकली. निळ्या चित्राच्या मधोमध गाडी लावून तिनं कुबड्या काढल्या. तेवढ्यात मैदानापासून धावत आलेला विजयशेठ धापा टाकत पुढे झाला, दोन्ही हात पसरून. "ताई, मी धरतो... हळू..."

"सरका, शेठ. वाट सोडा."

तो सरकला. चंद्रभागानं कठडा धरला. एक कुबडी पुढे, मग दुसरी. घाई केली नाही. सगळा चौक बघत होता आणि कोणी 'बिचारी' म्हटलं नाही. वर पोचल्यावर तिनं वाकून कुलूप उघडलं आणि दोन्ही हातांनी शटर असं वर फेकलं, की खडखडाट ऐकून रिंग रोडच्या पुलावरची कबुतरं उडाली.

ती मशीनवर बसली, दोरा ओवला आणि बाहेर उभ्या असलेल्या बायांच्या गर्दीकडे बघून म्हणाली, "चला बायांनो, लग्नं तोंडावर आलीत. कोणाची साडी पहिली?"